नाताळच्या झाडावरचा खाऊ: आधी खरा, मग काचेचा, आता क्लेचा

पॉलिमर क्लेची, म्हणजे भाजल्यावर टणक होणाऱ्या प्लॅस्टिकच्या लगद्याची, नखाएवढी जिंजरब्रेडची बिस्किटं, संत्र्याच्या चकत्या, चेरी ठेवलेले कपकेक दोऱ्याला ओवून नाताळच्या झाडाला टांगायचे, हा छंद गेल्या काही दशकांत खूप पसरला. पाहणाऱ्याला तो अगदी आजकालचा वाटतो. पण झाडावर खाऊ टांगण्याची रीत त्या झाडाइतकीच जुनी आहे.

स्ट्रासबुर्ग शहराचं १६०५ सालचं एक वर्णन उपलब्ध आहे. लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ वेफर, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ टांगतात, असं त्यात म्हटलं आहे. कागद आणि वर्ख सोडले तर सगळा खाऊच. सफरचंदाचं नातं बायबलमधल्या आदम-हव्वेशी जोडलं जातं. २४ डिसेंबर हा त्यांचा दिवस, आणि त्यांच्या कथेवरच्या जुन्या नाटकांत फळं लावलेलं झाड उभं करत. सण सरला की झाडावरचं सगळं मुलांच्या पोटात जाई. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला मुलांनी झाड ‘लुटायची’ प्रथा आजही आहे. गणपतीवर फळं-भाज्यांची माटोळी बांधणाऱ्या कोकण-गोव्यातल्या माणसाला यात परकं काही वाटणार नाही.

खऱ्या खाऊची जागा नकली खाऊने घेतली ती जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये. लाउशा हे तिथलं काच फुंकणाऱ्यांचं गाव. सफरचंदं-अक्रोड परवडेनात म्हणून एका गरीब कारागिराने ती काचेची केली, अशी आख्यायिका तिथे सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी १८४०च्या दशकात तिथे झाडाचे काचेचे गोळे होऊ लागले होते, हे नक्की. १८६७ मध्ये गावात गॅस आला. त्याची ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येत असल्याने पातळ काच साच्यात फुंकणं सोपं झालं, आणि द्राक्षांचे घड, अक्रोड, नाना फळं तयार होऊ लागली. सारं कुटुंब या कामात असे: कोणी फुंकायचं, कोणी आतून चांदीचा मुलामा द्यायचा, कोणी रंगवायचं. १८८०च्या दशकात वुलवर्थ या अमेरिकी दुकानदाराने हा माल मागवायला सुरुवात केली आणि तो साता समुद्रापार गेला.

इथे एक गोष्ट हरवली, असं मला वाटतं. जिंजरब्रेड घरच्या भट्टीत भाजून घरच्याच झाडाला लागत असे. काचेचं फळ मात्र विकतच आणावं लागलं.

ही हरवलेली गोष्ट परत आली ती एका बाहुल्यांच्या कारखान्यातून. केथे क्रूसे ही जर्मनीतली नामवंत बाहुलीकार. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बाहुल्यांची डोकी करायला एक नवं प्लॅस्टिक तिच्या हाती आलं. त्या कामाला ते जमेना, म्हणून तिने ते मुलीला देऊन टाकलं. मुलगी सोफी, घरातलं नाव फिफी. तिने त्यावर प्रयोग करून रंगीत लगदा बनवला आणि पुढे ‘फिफी मोझाइक’ नावाने विकला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो विकत घेतला. तोच आजचा फिमो नावाचा पॉलिमर क्ले. अमेरिकेतल्या स्कल्पी या क्लेचा जन्मही असाच. ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून नेण्यासाठी बनवलेलं एक संयुग त्या कामी लागलं नाही, पण त्याला आकार देऊन ते भाजता येतं हे लक्षात आलं.

नावात ‘क्ले’ असलं तरी ही माती नव्हे. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य, असं ते मिश्रण. साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला, म्हणजे केकपेक्षाही मंद आचेवर, पुडीचे कण एकमेकांत मिसळून वस्तू टणक होते. आकसते अगदी नाममात्र. आच जास्त झाली तर मात्र ते करपतं आणि घातक वाफ निघते, म्हणून ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवणं फार गरजेचं.

आणि खाद्यपदार्थच का? कारण हा लगदा मुळातच कणकेसारखा वागतो. तो मळावा लागतो, लाटता येतो, कातता येतो. टूथब्रशचे केस टोचले की पावाचा पोत येतो. खडूची तपकिरी भुकटी कडांवर फिरवली की बिस्किट नुकतंच भट्टीतून काढल्यासारखं दिसतं. संत्र्याच्या चकतीची युक्ती व्हेनिसच्या काचकामातली: फाकी, साल, पांढरा पापुद्रा यांची जाड कांडी रचायची, ती दाबत-ओढत बारीक करायची आणि कापायची. प्रत्येक कापात तेच संत्रं, फक्त मूगडाळीएवढं.

लाटणं, सुरी, कातणं, सगळी हत्यारं स्वयंपाकघरातलीच. पण एकदा क्लेला लावलेली पुन्हा अन्नाला लावायची नाहीत. सावंतवाडीच्या लाकडी फळांवर वाढलेल्या आपल्याकडच्या मुली-मुलांनी आता याच क्लेत वडापाव आणि केळीच्या पानावरचं जेवण करायला घेतलं आहे, आणि नाताळात करंजीसारखी नेवरी नि शंखासारखी गोड कुलकुलं झाडावर चढायला काहीच हरकत नाही.