कोनमापक बदलायला आणण्याआधी हे एकदा करून बघा

शाळेत कोन मोजायचा धडा सुरू झाला की आमच्या दुकानात रोज एक-दोन पालक तरी येतात, दादा हे कोनमापक बदलून द्या, पोराचं उत्तर दरवेळी चार-पाच अंशांनी चुकतंय. आम्ही नाही म्हणत नाही, पण आधी काउंटरवर मोजून बघतो आणि दहातली नऊ कोनमापकं चांगली निघतात. तुमची फेरी वाया जाते, वर पोराचा गृहपाठ राहतो, म्हणून हा कागद छापलाय.

चूक एकच असते. मुलं कोनमापकाची खालची कड कोनाच्या भुजेवर ठेवतात. पण जी बहुतेक कोनमापकं मिळतात त्यांच्यात शून्याची रेघ कडेवर नसते, कडेच्या थोडी वर, चार-पाच मिलिमीटर आत असते, आणि त्या रेघेच्या मधोमध जी छोटी फुली किंवा भोक असतं ते शिरोबिंदूवर बसलं पाहिजे. कड लावली की सगळंच तेवढं वर सरकतं. आता गंमत अशी की काटकोन तरीही ९० च येतो! म्हणून घरी तपासून बघणाऱ्यालाही वाटतं साधन ठीक आहे. पण ३० चा कोन २५ च्या आसपास दिसतो, ६० चा ५७, आणि १५० चा उलट १५५. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० ऐवजी १७१ येते आणि पोरगं रडकुंडीला येतं, त्याचं काही चुकलेलं नसतं खरं तर, फक्त रेघ कुठली ते त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणून तपासायचं तर काटकोनाने तपासू नका. पेटीतल्या लांबट गुण्याचा सगळ्यात टोकदार कोपरा ३० चा असतो, तो कागदावर गिरवा, भुजा पट्टीने लांब करा आणि शून्याची रेघ लावून मोजा. ३० आले म्हणजे कोनमापक चांगलं आहे.

भुजा लांब केली तर कोन बदलेल ना, असं बरेच पालकही विचारतात. नाही बदलत. भुजा म्हणजे किरण, तो एका बाजूला कितीही लांब जातो, कोन म्हणजे दोन किरणांमधला फिरवा, त्यांची लांबी नव्हे. घड्याळात ४ वाजता काटे १२० अंशांवर असतात, मनगटी घड्याळ असो नाहीतर स्टेशनवरचं मोठं.

आकडे दोन ओळीत असतात त्याचाही घोळ होतो, ६० च्या जागी १२० लिहितात. मोजायच्या आधी मुलाला विचारा, काटकोनापेक्षा लहान दिसतोय की मोठा? लहान असेल तर १२० येऊच शकत नाही, एवढं बास.

काही जणांना राग येतो की बदलून द्यायला एवढी तपासणी कशाला. पण छपाई खरंच सरकलेली असली किंवा पेटीतून तुटकं निघालं तर आम्ही तिथल्या तिथे नवीन देतो, वाद घालत नाही. न तपासता बदललं तर नवीन कोनमापकानेही तेच उत्तर येणार आणि तुम्ही परत याल. स्वस्तातली, जाड अपारदर्शक कोनमापकं आम्ही ठेवत नाही, खालची रेघच दिसत नाही तर पोरगं जुळवणार कशी. पारदर्शक घ्या, चार रुपये जास्त जातात पण वर्षभर वापरता येतं. १८० च्या पुढचे प्रविशाल कोन मोजायचे असतील तर पूर्ण गोल, ३६० वालंही आमच्याकडे मिळतं. शिक्षकांसाठी फळ्यावरचा मोठा लाकडी संच सांगितलात तर आणून देतो.

येताना फक्त कोनमापक आणू नका, ज्या वहीत कोन चुकलाय ती वही आणि शक्य असेल तर पोरालाही आणा, काउंटरवर पाच मिनिटं लागतात.