.२२-२५० रेमिंग्टन : व्हार्मिंट रायफल आणि हातभरणी

.२२-२५० रेमिंग्टन हे अमेरिकेत पिकांना आणि कुरणांना उपद्रव देणारे लहान प्राणी (व्हार्मिंट) लांबून टिपण्यासाठी वापरले जाणारे अतिवेगवान काडतूस आहे. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातले प्रेअरी डॉग (बिळांत वसाहत करून राहणारी मोठी खार), पूर्वेकडचे वूडचक (तसाच, पण आणखी मोठा बिळकरी प्राणी) आणि सगळीकडचे कायोटी (कोल्ह्यासारखा रानटी कुत्रा) ही त्याची नेहमीची लक्ष्ये. ०.२२४ इंच व्यासाची ५५ ग्रेनची (सुमारे ३.६ ग्रॅम) गोळी यातून सेकंदाला ३,६५० फुटांच्या आसपास, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाने सुटते. रायफलीचा नेम २०० यार्डांवर जुळवला तर ३०० यार्डांवर गोळी पाच-सहा इंचच खाली येते. धक्काही इतका कमी की गोळी कुठे लागली ते नेमबाजाला दुर्बिणीतूनच दिसते.

१९१५ च्या .२५० सॅव्हेज काडतुसाची पुंगळी घ्यायची आणि तिचे तोंड .२२ पर्यंत आवळायचे, हा या काडतुसाचा मूळ विचार. १९३० च्या दशकात अनेक हौशी कारागीर यावर काम करत होते, त्यांपैकी जे. ई. गेबी यांनी १९३७ मध्ये आपल्या रचनेला ‘व्हार्मिंटर’ हे नाव दिले. जवळपास तीन दशके हे काडतूस कारखान्यात बनतच नव्हते, ज्याने त्याने घरी भरायचे. ब्राउनिंग कंपनीने १९६३ मध्ये त्यासाठी रायफल काढली आणि रेमिंग्टन कंपनीने १९६५ मध्ये ते प्रमाणित केले. वेगात त्याहून वरचढ असलेले .२२० स्विफ्ट १९३५ पासून बाजारात होते, तरी पुढे पसंती .२२-२५० ला मिळाली.

नवख्याने रायफल घेताना नाव बघण्याआधी नळी बघावी. २४ ते २६ इंचांची जाड नळी हळू तापते आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर सलग नेम धरताना तेच महत्त्वाचे असते. पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचांचा वळसा, त्याहून महत्त्वाचा. जुन्या रायफलींत १४ इंचांत एक फेरा असतो. तो ५५ ग्रेनपर्यंतच्या गोळ्यांनाच पुरतो, त्याहून लांब गोळी आडवी होऊन कागदावर लंबगोल भोक पाडते. आठ किंवा नऊ इंचांच्या पिळात जड गोळ्या स्थिरावतात, पण पातळ कवचाची हलकी गोळी पूर्ण वेगाने सोडली तर ती फिरण्याच्या ताणाने हवेतच फुटून करड्या धुराची रेघ सोडू शकते. स्कोपला (रायफलीवरच्या दुर्बिणीला) पॅरॅलॅक्सची, म्हणजे डोळा हलला तरी नेम सरकू नये याची, जुळवणी असावी.

वेगाची किंमत नळी मोजते. छोट्या भोकातून भरपूर पावडरचा (बंदुकीच्या दारूचा) तप्त वायू जातो आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच पुढचा भाग झिजतो. वापरानुसार साधारण दीड ते तीन हजार गोळ्यांत अचूकता उतरू लागते. हात लावून धरवत नाही इतकी नळी तापली की थांबावे. मुरलेले नेमबाज दुसरी रायफल बरोबर ठेवतात ती याचसाठी.

हातभरणी म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टिकली), पावडर आणि गोळी बसवणे. प्रेस, डायचा (पुंगळीला माप देणाऱ्या आणि गोळी बसवणाऱ्या साच्यांचा) जोड, शेलहोल्डर (पुंगळीचे बूड धरणारा तुकडा), तराजू, कॅलिपर, पुंगळी कापायचे कटर आणि छापील भरणी-पुस्तिका एवढ्यावर सुरुवात होते.

पुंगळ्या पुसून, तडा तपासून त्यांना वंगण लावतात. इथेच नवख्याची फसगत होते. वंगण कमी पडले तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते, जास्त झाले तर खांद्यावर, म्हणजे पुंगळी तोंडाकडे निमुळती होते तिथे, खळगे पडतात. बोटाला जेमतेम ओलसर लागेल इतकेच हवे. डाय पुंगळीला पूर्वीच्या मापावर आणते आणि जुना प्रायमर बाहेर ढकलते. डाय शेलहोल्डरला टेकवून आणखी पाव फेरा आवळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने खांदा गरजेपेक्षा मागे जातो. मग दर बाराला पुंगळी पुढे ताणली जाते, बुडाशी पितळ पातळ होते आणि काही भरण्यांनंतर तिथून ती तुटते. बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे दिसले, किंवा टोक वळवलेली पेपरक्लिप आतून फिरवताना खाचेत अडली, तर ती पुंगळी टाकून द्यावी. गेजने मोजून खांदा इंचाच्या एक-दोन हजारांशांइतकाच मागे घेणे बरे.

पुंगळीची लांबी १.९१२ इंचांपेक्षा जास्त झाली की १.९०२ वर कापतात आणि तोंडाच्या आतली-बाहेरची धार मोडतात. लांब राहिलेले तोंड चेंबरच्या टोकाशी चिमटले जाते, गोळीला सुटायला वाव उरत नाही आणि दाब एकदम चढतो. लार्ज रायफल प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला पाहिजे. बोट फिरवून ते कळते.

पावडरचे वजन पुस्तिकेतूनच घ्यावे आणि कमाल आकड्याच्या दहा टक्के खालून सुरुवात करावी. एच३८० या पावडरचे नाव पावडर-विक्रेते ब्रूस हॉजडन यांच्या .२२-२५० मधल्या ३८.० ग्रेनच्या भरणीवरून पडले, पण म्हणून तो आकडा आपल्या रायफलीला लावू नये. मेजावर एका वेळी एकच डबा असावा. नेहमीच्या भरणीने ही पुंगळी बरीचशी भरते, त्यामुळे चुकून दुप्पट पावडर पडली तर ती बाहेर सांडते. खरा धोका चुकीच्या पावडरीचा, आणि पावडर पडलीच नाही याचा. तसे झाले तर प्रायमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो आणि पुढचा बार नळी फोडू शकतो. म्हणून गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून पातळी बघतात. लांब दाण्याची पावडर गळणीत अडकते, तेव्हा गळणीला टिचकी मारावी.

एकूण लांबी पुस्तिकेतली ठेवावी, कमाल २.३५० इंच. गोळी पिळाला टेकली तरी दाब वाढतो. मग अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर जात पाच-पाच काडतुसे तपासतात. बोल्ट जड उघडला, प्रायमर सपाट झाला किंवा बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) चकती उमटली तर खाली यायचे. ही चिन्हे दिसतात तेव्हा दाब आधीच जास्त झालेला असतो, म्हणून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) भरवसा ठेवावा: पुस्तिकेपेक्षा जास्त वेग फुकट मिळत नाही. हिवाळ्यात कमालीवर बसवलेली भरणी जुलैच्या उन्हात कमालीपलीकडे जाते. बहुतेक रायफलींत भोकांचा सर्वांत छोटा, म्हणजे सर्वांत अचूक, गट कमाल वेगाच्या जरा खालीच सापडतो, आणि त्या वेगाचा फरक प्रेअरी डॉगला जाणवत नाही.

शिकारीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. युटा प्रेअरी डॉग या जातीला संघीय कायद्याचे संरक्षण आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. स्वतःपुरती भरणी करायला अमेरिकेत संघीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या मराठी माणसाने मात्र जपावे: राज्याचा वैध शिकार परवाना यांसारखा अपवाद लागू नसेल तर बंदूकच काय, काडतूस बाळगणेही संघीय गुन्हा ठरतो. भारतात दारूगोळा बनवण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना बंधनकारक आहे.