मांस : शब्दार्थ व हिंदू विचार

संस्कृतातील नपुंसकलिंगी नाम. प्राण्याच्या शरीरातील त्वचा व हाड यांमधला मऊ भाग हा मुख्य अर्थ. फळाचा गर हा त्यावरून आलेला. आयुर्वेदात रस व रक्त यांच्यानंतरचा, सात धातूंपैकी तिसरा धातू. अमरकोशात पिशित, तरस, पलल, क्रव्य, आमिष हे पर्याय दिले आहेत. यांपैकी आमिष मराठीत ‘प्रलोभन’ या अर्थाने अधिक रुळला असला, तरी सामिष-निरामिष या जोडीत जुना अर्थ टिकून आहे.

व्युत्पत्ती : या शब्दाची सर्वांत प्रसिद्ध फोड मनुस्मृतीत आहे (५·५५). ‘मां स भक्षयिताऽमुत्र यस्य मांसमिहाद्म्यहम्’, म्हणजे ज्याचे मांस मी इथे खातो, ‘तो’ (स) परलोकी ‘मला’ (मां) खाईल. हेच मांसाचे मांसत्व, असे जाणते सांगतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला थोड्या पाठभेदाने हेच सांगतो. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न जुना आहे. दोन्ही ग्रंथांनी लोकांच्या तोंडी असलेल्या सुभाषितांतून ते उचलले असावे, हे मनुस्मृतीचा इंग्रजी अनुवादक ब्यूलरचे मत अधिक ग्राह्य वाटते. मनुस्मृतीचा काळ सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक असा धरतात. आधुनिक संपादक ऑलिव्हेल तो इ. स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाकडे ओढतात.

व्याकरणाच्या कसोटीवर ही फोड उतरत नाही. ऋग्वेदाच्या अश्वमेधसूक्तात (१·१६२·१३) मांस शिजवण्याच्या भांड्याला ‘मांस्पचनी उखा’ म्हटले आहे. तिथे ‘मांस्’ हे व्यंजनान्त अंग (प्रत्यय लागण्यापूर्वीचे मूळ रूप) आहे. ‘सः’ हे सर्वनाम त्यात बसवायला जागाच उरत नाही. पाणिनीय परंपरेतही मांस शब्दाच्या जागी ‘मांस्’ हे रूप (आदेश) सांगणारे वार्तिक, म्हणजे सूत्रांना जोडलेला पूरक नियम, आहे. गॉथिक ‘मिम्झ’, आर्मेनियन ‘मिस’ आणि प्राचीन स्लाव्ह ‘मेंसो’ हे सगोत्र शब्द पाहता मूळ शब्द संस्कृतपूर्व ठरतो. उणादिसूत्रे (धातूंपासून शब्द साधणारी व्याकरणसूत्रे) ‘मन्’ धातूला ‘स’ प्रत्यय लावून तो साधतात. निरुक्त या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथाचा कर्ता यास्क याने ‘शिताम’ या कठीण वैदिक शब्दाचा अर्थ लावताना ओघात तीन पर्याय दिले आहेत : ‘मांसं माननं वा मानसं वा मनोऽस्मिन्त्सीदतीति वा’ (निरुक्त ४·३). सत्कार, मनाशी संबंधित, किंवा मन ज्यात गुंतते ते. यांत परलोकातील परतफेडीचा मागमूसही नाही, हे लक्षणीय आहे. पहिला पर्याय मधुपर्काच्या, म्हणजे मान्य पाहुण्याच्या विधिपूर्वक सत्काराच्या, आचाराशी जुळतो. ‘नामांसो मधुपर्को भवति’ (मांसाशिवाय मधुपर्क होत नाही) असे आश्वलायन गृह्यसूत्रात स्पष्टच म्हटले आहे.

मनूची फोड शब्दशास्त्र म्हणून टाकाऊ असली, तरी तिच्यामागची कल्पना फार जुनी आहे. शतपथ ब्राह्मणात (११·६·१) वरुणपुत्र भृगू परलोकी माणसांना तोडणारी व खाणारी माणसे पाहतो. इहलोकी तोडलेले वृक्ष, मारलेले पशू, इतकेच नव्हे तर वनस्पती आणि पाणीही तिथे सूड घेत असते. उपाय मात्र मांसत्याग नसून अग्निहोत्र (रोज अग्नीत आहुती देणे) हा सांगितला आहे. कर्मकांडातील या भयातूनच अहिंसेचा विचार वाढला, असे जर्मन संशोधक श्मिट यांनी १९६८ मध्ये मांडले. त्याआधी १९६२ मध्ये जर्मन संशोधक आल्सडोर्फ यांनी अहिंसेचे मूळ आर्यपूर्व असण्याची शक्यता सुचवली होती. भृगुकथेचा पुरावा श्मिट यांच्या बाजूने पडतो.

विधी व निषेध : मनुस्मृतीचा पाचवा अध्याय एकसंध नाही. यज्ञातील वध हा वधच नव्हे (५·३९), असे म्हणणारा हाच ग्रंथ पुढे अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा व विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा या सर्वांना घातक ठरवतो (५·५१). ‘न मांसभक्षणे दोषो’ (मांस खाण्यात दोष नाही, ५·५६) हा श्लोक मांसाहाराच्या समर्थनार्थ अनेकदा अर्धाच उद्धृत होतो. ‘निवृत्तिस्तु महाफला’ (पण त्यापासून दूर राहणे मोठे फळ देते) हा त्याचा शेवट सोडून देणे अन्यायाचे आहे. भाष्यकारांनी हा दोषाभाव शास्त्राने अनुज्ञा दिलेल्या मांसापुरता मर्यादित केला.

दोन्ही आचार शेजारी नांदत होते, याचे उत्तम चित्र मूळच्या विदर्भातील भवभूतीने (सु. इ. स. ७००) रेखाटले आहे. उत्तररामचरिताच्या चौथ्या अंकात वसिष्ठासाठी समांस मधुपर्क होतो, तर ‘निवृत्तमांस’ (मांस सोडलेल्या) जनकाला दही-मधाचा. महाभारताच्या वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध मांस विकतो, पण स्वतः खात नाही.

पुढे गवालंभ (विधीतील गोवध) आणि पलपैतृक (श्राद्धातील मांस) ही कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांत, गेली. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या यादीची तपशीलवार चिकित्सा केली आहे. तेराव्या शतकातील मध्वाचार्यांच्या परंपरेत यज्ञासाठी पिठाचा पशू (पिष्टपशू) मान्य झाला. शाक्त पूजेत बली चालू राहिला. वारकऱ्यांत माळ घातल्यावर मांस वर्ज्य.