लाही फुटायला रेंज लागत नाही

"सर, रेंज कमी होती म्हणून फुटले नसतील का?"

तालुक्याच्या एका शाळेत लहरींवर बोलून झालं आणि आठवीतल्या एका मुलाने हा प्रश्न टाकला. वडिलांचा, आईचा आणि काकांचा असे तीन फोन त्याने जमवले होते, मध्ये मक्याचे चार दाणे ठेवले होते आणि चौथ्या फोनवरून आळीपाळीने रिंग देत अर्धा तास काढला होता. दाणे होते तसेच राहिले. फोनच्या लहरींनी मक्याच्या लाह्या फुटतात असं दाखवणारा व्हिडिओ पाहून पुढे ढकलणारे आपल्याकडे ढिगाने सापडतात. फोन मांडून बसणारा मला तो पहिलाच भेटला.

मूळ व्हिडिओ २००८ चा. टेबलाभोवती काही मित्र बसलेत, मध्ये मक्याचे थोडे दाणे आहेत, त्यांच्याकडे तोंड करून मोबाइल ठेवलेत. फोन वाजू लागतात आणि काही सेकंदांत दाणे टणाटण उडून त्यांच्या लाह्या होतात. मित्र किंचाळतात. हेच दृश्य वेगवेगळ्या देशांतल्या मंडळींना घेऊन चित्रित केलं होतं, त्यामुळे ते आणखी खरं वाटलं. लाखो लोकांनी पाहिल्यावर उलगडा झाला की ही कार्डो सिस्टिम्स या कंपनीची जाहिरात होती. तेव्हा कानात घालायचे ब्लूटूथ हेडसेट विकणारी ही कंपनी. तिच्या प्रमुखाने सीएनएन या अमेरिकन वृत्तवाहिनीला युक्ती सांगूनही टाकली: लाह्या आधीच फोडून ठेवल्या होत्या, त्या वरून टेबलावर टाकल्या आणि कच्चे दाणे संगणकावर पुसून काढले. कबुली त्याच वर्षी आली, व्हिडिओ मात्र अजून फिरतोय.

लबाडी कळली तरी एक प्रश्न उरतोच. लाही फुटायला नेमकं लागतं काय? मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे.

मक्याचा दाणा म्हणजे एक चिमुकला प्रेशर कुकर. बाहेर टणक, जवळजवळ हवाबंद साल, आत घट्ट भरलेला स्टार्च, आणि त्या स्टार्चमध्ये मुरलेलं सुमारे १४ टक्के पाणी. दाणा तापला की हे पाणी वाफ व्हायला बघतं, पण जायला वाट नसते. म्हणून ते १०० अंशांना न उकळता तापतच जातं आणि दाब चढत राहतो. तोवर स्टार्च मऊ, लापशीसारखा होतो. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो. घरच्या कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आतला दाब बाहेरच्या जेमतेम दुप्पट असतो, यावरून अंदाज घ्या. साल फाटते. दाब एका क्षणात उतरतो, पाण्याची भसकन वाफ होते, वाफ त्या लापशीला फुगवून तिचा फेस करते, आणि पसरता पसरताच फेस थंड होऊन गोठतो. आपण खातो तो हा गोठलेला फेस.

फ्रान्समधल्या एमॅन्युएल व्हिरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या दोघांनी २०१५ साली हे सगळं अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलं. भट्टीचं तापमान दहा-दहा अंशांनी वाढवत त्यांनी दाणे मोजले. १७० अंशांना शंभरातले ३४ फुटले, १८० ला ९६! म्हणजे दाण्याला आपला आकडा पक्का ठाऊक असतो. आणखी एक मजा त्यांना दिसली. फुगलेल्या स्टार्चचा एक तुकडा आधी बाहेर येतो, तव्यावर पायासारखा टेकतो, दबतो आणि दाण्याला उडवतो. लाही कोलांटी मारते ती या पायावर. 'फट्' आवाज साल फाटल्याचा किंवा दाणा आपटल्याचा नसतो, कोंडलेली वाफ सुटल्याचा असतो.

हे विज्ञान आपल्या स्वयंपाकघराला नवं नाही. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करताना आजी आदल्या रात्री ज्वारीवर गरम पाणी घालायची, निथळून फडक्यात बांधून ठेवायची. दाण्यात पाणी मुरलं नाही तर वाफ कुठून येणार? जे कोरडे राहतात किंवा ज्यांची साल चिरलेली असते ते कढईच्या तळाशी गणंग म्हणून उरतात.

तर मुद्दा असा, की दाण्याला 'लहरी' कळत नाहीत, त्याला १८० अंश कळतात. ते तुम्ही वाळूतून द्या, तेलातून द्या नाहीतर मायक्रोवेव्हमधून. मायक्रोवेव्हचं नाव आलं की लोक म्हणतात, "बघा, फोनपण त्याच लहरी सोडतो." सोडतो, खरंय. लबाडी पचली ती या अर्ध्या खऱ्यामुळे. अमेरिकेत रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या नळीजवळ वितळलं आणि पुढे त्याने मक्याचे दाणे फोडून पाहिले, अशी १९४५ च्या सुमाराची गोष्ट सांगतात. पण आकडे बघा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ८०० वॅटच्या आसपास ऊर्जा आत ओततो, ती धातूच्या पेटीत कोंडून पुन्हा पुन्हा दाण्यांवर फेकतो, आणि तरी पहिली लाही फुटायला मिनिटभर तरी जातं. २००८ च्या जीएसएम फोनची कमाल ताकद २ वॅट. तीही आठातल्या एकाच वेळखंडात, म्हणजे फोन एकूण वेळेच्या आठव्या भागातच लहरी सोडतो, सरासरी पाव वॅट.

आता जरा वही घ्या. चार फोनचा मिळून १ वॅट. दाणा पाच सेंटीमीटरवर. तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर, आणि सहा मिलिमीटरचा दाणा त्यातला ०.३ चौरस सेंटीमीटर अडवतो. म्हणजे हजारातला एक भाग, एक मिलिवॅट. दाणा ०.१५ ग्रॅमचा धरला आणि त्याची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी, तर ३० वरून १८० अंशांवर न्यायला ४५ ज्यूल लागतात. मिलिवॅटने ४५ ज्यूल जमवायला ४५,००० सेकंद, साडेबारा तास. तेही दाण्याने सगळी ऊर्जा शोषली आणि थेंबभरही गमावली नाही तर. लहरीची लांबी ३३ सेंटीमीटर आणि दाणा एवढासा, त्यामुळे बरीचशी लहर त्याची दखल न घेताच निघून जाते. शिवाय आजूबाजूच्या हवेपेक्षा दाणा एक अंशाने तापला, की साधारण तेवढाच, मिलिवॅटभर, उष्मा तो हवेला देऊन टाकतो. म्हणजे एक अंशावर गाडी थांबली. साडेबारा तास नाही, साडेबारा वर्षं बसा. अँटेनाच्या इतक्या जवळ लहरी अशा सुबक गोलात पसरत नाहीत, असं जाणकार म्हणतील. कबूल. माझं गणित दहापट चुकलं असं धरा, दाणा दहा अंशांनी तापेल. १८० अजून लांबच.

गणित नको असेल तर हाताकडे बघा. दाण्यात पाणी १४ टक्के, तळहातात त्याच्या कितीतरी पट. त्या लहरींनी दाणा फुटत असता तर फोन धरलेला हात आधी भाजला असता.

आणि ज्या ब्लूटूथची ही जाहिरात होती, ते कुठल्या लहरींवर चालतं? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो! ताकद काही मिलिवॅट, म्हणून निर्धोक. पण या लहरींनी लाह्या फुटतात हे व्हिडिओचंच तर्कशास्त्र लावलं तर लाह्या हेडसेटवर फुटायला हव्या होत्या.

आपल्याकडे फोनच्या लहरींची भीती भलत्या रूपांत येते. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, कॉस्मिक किरण येणार आहेत, नासाने सांगितलंय' हा निरोप दर वर्षी-दोन वर्षांनी माझ्याकडे येतो, पाठवणाऱ्यांत एक निवृत्त अभियंताही असतात. वैश्विक किरण रोजच येतात, घड्याळ न बघता. मग फोनच्या मागे चिकटवायची 'रेडिएशन खेचणारी' चकती कुणीतरी विकतो. ग्रहणात अन्नावर तुळशीपत्र ठेवणं परवडलं, त्याचे पैसे तरी पडत नाहीत.

त्या मुलाला मी रेंजचं उत्तर दिलं. टॉवर लांब असला की फोन जास्त जोराने बोलतो, जवळ असला की हळू. म्हणजे रेंज कमी होती हे तुझ्या प्रयोगाला सोयीचंच होतं. तो जरा विचारात पडला. "मग दाणेच खराब असतील," म्हणाला.

शंका अगदी रास्त होती. दाणे त्याच्या खिशातच होते. शालेय पोषण आहाराच्या मावशींनी शेगडी पेटवून दिली, कढईत चमचाभर तेल घातलं आणि झाकण ठेवलं. चारातले तीन फुटले. चौथा गणंग निघाला, तो त्याने जपून परत खिशात ठेवला.