आपोआप ट्यून होणारी गिटार: पैसे टाकण्याआधी एवढं वाचा

हल्ली बरेच जण आमच्या दुकानात मोबाईलवर व्हिडिओ दाखवतच शिरतात, सगळ्या तारा एकदा छेडल्या की हेडस्टॉकवरच्या, म्हणजे मानेच्या टोकावरच्या, कीज (तार ताणायच्या खुंट्या) गुरगुरत आपोआप फिरतात आणि काही सेकंदांत गिटार सुरात, आणि पुढचा प्रश्न ठरलेला, हे माझ्या अकूस्टिकला, म्हणजे बिनविजेच्या लाकडी गिटारला, बसवून द्याल का? बसतं का हा एक प्रश्न आणि तुम्हाला लागतं का हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच निघतं. गिऱ्हाईक घालवायची आम्हाला हौस नाही, पण महागडी वस्तू महिन्याभरात कपाटात जाऊन पडली की बोल आम्हालाच लागतो.

यात मुळात तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि लोक तिन्हींना एकच समजतात.

पहिली म्हणजे हेडस्टॉकला कायमची बसवायची. जुन्या कीज काढायच्या, त्यांच्या जागी मोटर असलेल्या कीज, सोबत बॅटरी आणि तारेचं कंपन ओळखणारा सेन्सर. हॅम्बुर्गच्या ट्रॉनिकल कंपनीची ही सिस्टिम गिब्सनने २००७ साली रोबोट गिटारवर आणली, २०१५ ला तर आपल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी त्याच्या पुढच्या आवृत्तीसकटच विकल्या, लोकांना ते रुचलं नाही आणि पुढच्याच वर्षी साध्या कीजवाली मॉडेलं परत आली. यंत्र अगदीच टाकाऊ होतं असं नाही हो, पण न मागता गळ्यात पडलेलं कोणाला आवडतं.

दुसरी हातात धरायची. की तिच्या तोंडात अडकवायची, तार छेडायची, ती की फिरवून तार जागेवर आणते, मग पुढची तार. यात रोडी हे नाव सगळ्यात जास्त ऐकलं असेल, लेबनॉनच्या दोघा इंजिनिअरांनी २०१३ ला किकस्टार्टरवर पैसे उभे करून ती काढली, त्यातला एक स्वतः ऊद वाजवतो म्हणजे तारा लावत बसण्याचा वैताग त्याला चांगलाच माहीत.

तिसरीत तार हलतच नाही. तार बेसूर तशीच राहते आणि आतलं कॉम्प्युटर स्पीकरमधून सुरातला आवाज काढतं. पीव्हीच्या एटी-२०० या इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे होतं. इलेक्ट्रिकला चालून जातं, पण अकूस्टिकचा स्वतःचा आवाज असतो ना, छोट्या हॉलमध्ये पुढच्या रांगेला लाकडातला बेसूर आवाज आणि स्पीकरमधला सुरातला असे दोन्ही एकदम ऐकू येतात, त्यामुळे अकूस्टिकवाल्यांनी या वाटेला जाऊच नये.

आता स्टेजवर गिटार उतरते का ते बघा. तारा स्टीलच्या, लाइटच्या झोताखाली तापल्या की थोड्या लांबतात आणि सूर खाली येतो, एसीच्या थंड हॉलमध्ये उलटं, आणि पावसाळ्यात पेटाऱ्याची वरची फळी ओल धरून फुगते, ब्रिज (तिच्यावरची, तारा अडकवायची पट्टी) वर उचलला जातो, तारा चढतात. ग्रीनरूममध्ये ट्यून करून स्टेजवर गेलात आणि दुसऱ्या गाण्यालाच गडबड झाली तर त्यात गिटारचा दोष नाही. स्टेजवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग ट्यून करा, याला पैसे पडत नाहीत.

खरी अडचण ट्यूनिंग बदलताना येते. समजा नेहमीच्या ट्यूनिंगवरून डॅडगॅडला (सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायची ट्यूनिंग) जायचंय, म्हणजे पहिली, दुसरी आणि सहावी तार दोन-दोन सेमीटोन, म्हणजे दोन-दोन फ्रेट इतकी, उतरवायची. दोन सेमीटोन उतरवलं की त्या तारेवरचा ताण साधारण एक पंचमांश कमी होतो, तीन तारांचा ताण असा गेला की मान आणि फळी जरा सैलावतात आणि ज्या तीन तारांना हातच लावला नाही त्या आपसूक थोड्या चढतात. म्हणून कुठलंही यंत्र असो, एका फेरीत काम होत नाही, दुसरी फेरी मारावीच लागते, व्हिडिओत ती कापलेली असते.

आणि नट, म्हणजे हेडस्टॉकच्या तोंडाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. हे नीट वाचा. की फिरवताना टुक असा आवाज येतो का? तार नटच्या खाचेत अडकतेय. मोटर की फिरवते, स्क्रीनवर हिरवं दिसतं, तुम्ही पहिला जोरात स्ट्रोक मारता, तार खाचेतून सरकते आणि सूर गेला. यात यंत्र काय करणार, त्याने त्याचं काम केलं. खाच नीट घासून घेणं, पेन्सिलीचं शिसं लावणं, तारा नव्या असतील तर ओढून ओढून बसवणं एवढं केलं की निम्म्या लोकांना यंत्राची आठवणच राहत नाही. आम्ही हे आधी करतो, मगच पुढचं बोलतो.

पेटीसोबत वाजवणाऱ्यांसाठी वेगळं. यंत्र कारखान्यातून ए बरोबर ४४० हर्ट्झ (हाच रेफरन्स पिच, बाकी सगळे सूर यावरून लागतात) असं येतं, पण पेटी ४४० लाच असेल असं नाही, जुनी असेल तर हमखास इकडेतिकडे. पेटी काही कार्यक्रमात हलणार नाही, तेव्हा गिटारच तिच्याकडे न्यायची, सेटिंगमध्ये रेफरन्स पिच बदलता येतो का ते घेताना विचारा. तबलजी स्टेजवर हातोडी मारत बसला तर लोक कौतुकाने बघतात, गिटारवाल्याने दोन मिनिटं घेतली की खोकायला लागतात, हा अन्याय आहे पण आहे.

मग कोणी काय घ्यावं? कार्यक्रमभर एकाच ट्यूनिंगमध्ये वाजवत असाल तर क्लिपवाला साधा ट्यूनर पुष्कळ झाला. दोन-तीनदा ट्यूनिंग बदलत असाल, किंवा घरात चार गिटारी, एक युकुलेली असा पसारा असेल तर हातात धरायची घ्या, एकच यंत्र सगळ्यांना चालतं. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलून एकट्याने फिंगरस्टाइल (पिकऐवजी बोटांनी) वाजवणाऱ्यालाच बसवायची सिस्टिम परवडते, त्यातही हेडस्टॉक जड होऊन मान खाली झुकते, पट्टा लावून उभं राहून वाजवणाऱ्याला हे लगेच जाणवतं. मधे आरपार खिडक्या असलेल्या हेडस्टॉकवर, म्हणजे नायलॉन तारांच्या क्लासिकलवर, ती बसतच नाही. नवीन भोकं पाडून बसवा म्हणाल तर आम्ही पाडत नाही, गिटारची किंमत जाते.

हातातलं यंत्र वापरताना एकच पथ्य: स्क्रीनवर कुठली तार दाखवतेय ते बघूनच की धरा. चुकीची तार निवडलेली असली तर ते बिचारं चढवत राहतं आणि तार तोंडाशी तुटते. बॅटरी आदल्या रात्री चार्ज करा, आणि कानाने ट्यून करायची सवय सोडू नका, बॅटरी नेमकी कार्यक्रमाच्या दिवशीच मान टाकते.

दाखवायला येताना गिटार आहे त्या तारांसकट आणा, नवीन घालून आणू नका, कुठली ट्यूनिंग वाजवता ते सांगा. नट बघायचे पैसे घेत नाही, घासायचे घेतो. सोमवारी बंद.