जिन्यात गायलेलं गाणं

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा ‘ओके कॉम्प्युटर’ हा अल्बम १९९७ च्या उन्हाळ्यात आला. कोल्हापुरात, राजारामपुरीत, आम्ही तो ऐकला कॅसेटवर, आणि तीही मुंबईहून आलेल्या कॅसेटवरून भरून घेतलेली. केबलवर त्यातल्या ‘नो सरप्रायझेस’ या गाण्याचा व्हिडिओ लागायचा. गायक थॉम यॉर्कचा चेहरा पारदर्शक हेल्मेटात, आणि आत हळूहळू चढणारं पाणी. कॉलेजातल्या आम्हा पोरांना या बँडकडे ओढलं ते त्या व्हिडिओनं. आता चांगल्या हेडफोनवर हा अल्बम पुन्हा लावला, तर तेव्हा कधीच न ऐकलेलं काही कानावर येतं. त्यात एक घर आहे.

हे पाचही जण ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या शाळेतले मित्र. ‘क्रीप’ या गाण्यानं त्यांना जगभर पोचवलं, पण लोक तेवढंच मागू लागले. १९९५ च्या ‘द बेंड्स’ या अल्बमनं ते ओझं उतरवलं. पुढच्या अल्बमला त्यांनी नायजेल गॉडरिच हा तरुण ध्वनिमुद्रक बरोबर घेतला, यंत्रं स्वतः विकत घेतली आणि रूढ स्टुडिओपासून लांब राहायचं ठरवलं. आधी स्वतःच्या सरावाच्या शेडमध्ये काम झालं, मग सप्टेंबर १९९६ मध्ये ते बाथ शहराजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या शेकडो वर्षं जुन्या वाड्यात गेले. ‘एक्झिट म्युझिक’ हे गाणं यॉर्क तिथल्या दगडी जिन्यात गायला. ‘लेट डाऊन’ पहाटे तीनला नाचघरात वाजवलं गेलं. यंत्रानं घातलेल्या घुमाऱ्याची जागा भिंतींनी घेतली.

कॅसेटवर नेमकं हेच हरवत होतं. तिची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरनं सरकते. तिची स्वतःची सळसळ असते आणि नक्कल करताना ती वाढते. स्वर थांबल्यावर खोलीत जे उरतं ते फार बारीक असतं, ते या सळसळीखाली बुडतं. आम्हाला सूर आणि शब्द मिळाले, जिना मिळाला नाही.

कोल्हापूरकराला खोलीचं महत्त्व नव्यानं सांगावं लागू नये. देवल क्लब ही इथली संगीतसंस्था १८८३ पासूनची. गायक अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथे होते. माइक नसलेल्या बैठकीत छत, भिंती आणि दाटीनं बसलेली माणसं मिळून गाणं घडवत. मला हा अल्बम आज जवळचा वाटतो तो याच कानांनी. त्यातली यंत्रयुगाची घुसमट खरी आहेच, आणि तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ती घुसमट इतकी अंगाला भिडते, कारण तिच्याभोवती खरी हवा आहे, खरा दगड आहे.

२०१७ च्या वीस वर्षांच्या आवृत्तीत ‘आय प्रॉमिस’, ‘मॅन ऑफ वॉर’ आणि ‘लिफ्ट’ ही तोवर अप्रकाशित राहिलेली तीन गाणी आली. त्याआधी २०१५ मध्ये बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड जोधपूरला आला. इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबरचा ‘जुनून’ हा अल्बम त्यानं मेहरानगड किल्ल्यातच ध्वनिमुद्रित केला. यंत्रं मांडायला तिथेही गॉडरिचच होता.