आश्रमशाळांचे समायोजन

आदिवासी मुलांसाठी चालणारी निवासी शाळा बंद करून तेथील विद्यार्थी दुसऱ्या शाळेत हलवण्याची महाराष्ट्रातील प्रशासकीय कार्यवाही. ‘समायोजन’ हा शब्द अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांसाठीही वापरला जातो, त्यामुळे दोहोंतला फरक झाकला जातो. शिक्षकाची शाळा बदलते. मुलाचे राहते घर बदलते.

आश्रमशाळेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. पहिले मत तिचा धागा वसतिगृहांच्या चळवळीशी जोडते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात उभारलेली बोर्डिंगे, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे (१९०६) कार्य आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांचे साताऱ्याचे बोर्डिंग (१९२४) यांचा दाखला त्यासाठी दिला जातो. दुसरे मत गांधीवादी समाजसेवक ठक्करबाप्पांच्या भिल्ल सेवा मंडळापासून सुरुवात मानते. हे मंडळ तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील, आता गुजरातेतील दाहोद परिसरात काम करी. त्याचे स्थापनावर्ष कोठे १९२२, तर कोठे १९२३ दिलेले आढळते. ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेर यांच्या आदिवासी सेवा मंडळाने १९४० च्या सुमारास हेच सूत्र पुढे नेले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बोर्डिंगात मूल राहत असे, पण शिकायला बहुधा गावातल्या शाळेत जाई. आश्रमात निवास, शेतकाम, सूतकताई आणि वर्ग एकाच आवारात असत. हा भेद केवळ इतिहासापुरता नाही. वसतिगृह बंद पडले तरी मुलाची शाळा उरते. आश्रमशाळा बंद झाली की शाळा, जेवण आणि छप्पर तिन्ही एकाच आदेशाने जातात.

राज्यात स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना अनुदान देण्याची योजना १९५३-५४ पासून, तर शासकीय आश्रमशाळा १९७२-७३ पासून सुरू झाल्या. देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगानेही (१९६४–६६) विरळ वस्तीच्या आदिवासी भागांसाठी आश्रमशाळांची शिफारस केली होती. आज दोन्ही प्रकार मिळून हजारावर शाळा आहेत. नाशिक येथील आदिवासी विकास आयुक्तालय आणि त्याखालील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये यांच्याकडे त्यांचे नियंत्रण असते. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा वेगळ्या विभागाकडे आहेत.

शाळा बंद होण्याची कारणे ठरावीक असतात : घटलेला पट, मोडकळीस आलेली किंवा भाड्याची इमारत, पाण्याची टंचाई, अनुदानित शाळेत संस्थेचा गैरकारभार, आणि सर्वांत गंभीर म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा भंग. अनुदानित शाळांना परिपोषण अनुदान, म्हणजे मुलांच्या निर्वाहाचा खर्च, मुलांच्या संख्येवर मिळते, त्यामुळे पट घसरला की जेवणाचा खर्चही आवाक्याबाहेर जातो.

कायद्याची बाजू गुंतागुंतीची आहे. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १८(३) नुसार मान्यता काढून घेताना, तेथील मुलांना शेजारच्या कोणत्या शाळेत प्रवेश द्यायचा याचा निर्देश त्याच आदेशात असावा लागतो. मान्यता गेल्यावरही शाळा चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १० हजार रुपये. मात्र कलम १८ शासनाच्या स्वतःच्या शाळांना लागू नाही, म्हणून शासकीय आश्रमशाळेतील मुलांना या तरतुदीचे थेट संरक्षण मिळत नाही. तेथे सारी भिस्त प्रशासकीय आदेशावर. अधिनियम ६ ते १४ वयोगटापुरता असल्याने नववी-दहावीची बरीच मुलेही त्याबाहेर राहतात. शिवाय या तरतुदीत शाळेचा उल्लेख आहे, राहण्याच्या जागेचा नाही. ‘शेजारची शाळा’ म्हणजे पाचवीपर्यंत १ किलोमीटर आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटर हे माप घरून ये-जा करणाऱ्या मुलांसाठी ठरले. ज्याचे घरच दोन डोंगरांपलीकडे आहे त्याला ते लावता येत नाही. कलम ५ मात्र या वयोगटातील शासकीय आणि अनुदानित अशा दोन्ही आश्रमशाळांतल्या मुलांच्या उपयोगाचे आहे : दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

प्रत्यक्ष हलवण्याचे काम मुख्याध्यापक आणि निवासाची देखरेख करणारे अधीक्षक व अधीक्षिका यांच्यावर पडते. प्रत्येक मुलाबरोबर एक पत्र्याची पेटी असते. तिच्यावर ऑइलपेंटने नाव आणि गाव लिहिलेले, आणि कुलपाची किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवलेली. नव्या शाळेत पेटीला जागा नेमून मिळेपर्यंत ती उशाशीच राहते. समायोजन पार पडले की नाही हे तपासणाऱ्याने यादीतील सह्यांआधी या पेट्या पाहाव्यात. मूल घरी निघून गेले असेल, तर पेटीही दिसणार नाही.

भाषेचा प्रश्न सहसा विचारात घेतला जात नाही, आणि ही या पद्धतीची मोठी उणीव आहे. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, धडगावकडे पावरी बोलली जाते. पहिली-दुसरीतले मूल दुसऱ्या बोलीच्या भागात गेले, तर रात्री पोट दुखते हे सांगायलाही त्याला शब्द सापडत नाही. भावंडे वेगळ्या शाळांत विभागली गेली, तर थोरली बहीण धाकट्यासाठी करत असलेले दुभाषाचे कामही थांबते. मुलींच्या बाबतीत अंतर निर्णायक ठरते. आईबाप शनिवारी चालत येऊन भेटू शकत नसतील, तर मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परततेच असे नाही. त्याच सुमारास कुटुंबे वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात, आणि घरी राहिलेले मूल त्यांच्याबरोबर जाते. अशी गळती जुन्या शाळेच्या हजेरीपटात दिसत नाही, कारण तिथे मूल ‘समायोजित’ झालेले असते. नव्या शाळेत ते कधी पोहोचलेलेच नसते. म्हणून वर्ष संपल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत केलेले समायोजन वर्षाच्या मध्यावर केलेल्यापेक्षा बरे.

बंद शाळेच्या कागदपत्रांपैकी जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, कायम जतन करावे लागते. जमात प्रमाणपत्राच्या पडताळणीत शाळेच्या नोंदींना पुरावा म्हणून वजन असते आणि त्यासाठी प्रवेश-निर्गम उतारा लागतो. मूळ शाळाच उरलेली नसेल, तर माजी विद्यार्थी, आणि पुढे त्याची मुलेही, हा उतारा मागत प्रकल्प कार्यालय आणि समायोजनाची शाळा यांच्यात फिरत राहतात. त्यामुळे रजिस्टर कोणाच्या ताब्यात दिले याची नोंद मुलांच्या यादीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.